विश्लेषण : ‘कॉन्व्हेंट’मध्ये घातले की मूल घरचा देव विसरते का? महाड-पोलादपूरच्या पालकांनी शाळेला काय विचारायला हवे?

मुलाचा पहिलीचा प्रवेश हा महाड आणि पोलादपूर तालुक्यांत एकट्या आईवडिलांचा निर्णय नसतो. आजी-आजोबा, मुंबईचा काका, शेजारचे निवृत्त गुरुजी, प्रत्येकाचे काही ना काही मत असते. शाळा ख्रिस्ती संस्थेची असेल तर मतांची दोन टोके होतात. एक म्हणते, शिस्त आणि इंग्रजी हवे असेल तर कॉन्व्हेंटच. दुसरे म्हणते, तिथे रोज येशूची प्रार्थना म्हणून घेतात, पोरगं उद्या घरातला देव विसरेल. पहिल्या मतात आंधळा भरवसा आहे, दुसऱ्यात आंधळी भीती. या ओढाताणीत मूळ मुद्दा बाजूला राहतो. कायद्याने पालकाच्या हातात नेमके काय दिले आहे आणि शाळेच्या रोजच्या दिवसात काय तपासून पाहायचे, हे फार कमी जणांना ठाऊक असते.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : सकाळी प्रार्थना कोणाची होते यावरून शाळा पारखू नका. त्या प्रार्थनेत सामील न होणाऱ्या मुलाला शाळा कसे वागवते, यावरून पारखा. ही कसोटी कॅथलिक शाळेला लागू आहे, तशीच जिल्हा परिषदेच्या आणि इतर कोणत्याही संस्थेच्या शाळेलाही.

महाड-पोलादपुरात हा प्रश्न का पडतो?

गावात नोकरी नाही म्हणून मुंबई गाठणे ही या भागाची जुनी वहिवाट. त्यामुळे ‘फादरची शाळा’ आणि ‘सिस्टरची शाळा’ हे शब्द इथल्या अनेक घरांत मुंबईच्या नातेवाइकांकडून आले. भायखळा, माझगाव, दादर, वांद्रे या भागांत कॅथलिक संस्थांच्या शाळा अनेक दशकांपासून आहेत आणि त्यांत हिंदू, मुस्लिम, बौद्ध, पारशी अशा सगळ्या घरांतली मुले शिकली आहेत. दुसरीकडे, पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरमार्गे पाचगणीला गेले की तिथे ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या धर्मसंघाच्या सिस्टरांनी १८९५ मध्ये सुरू केलेली सेंट जोसेफ ही निवासी शाळा आहे. चर्चच्या कारभारात रायगड जिल्हा मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये, म्हणजे मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत येतो.

महाडला औद्योगिक वसाहत आल्यावर बदलीवर येणारी कुटुंबे वाढली. मुंबई-गोवा महामार्गामुळे इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस गावाच्या फाट्यापर्यंत येऊ लागली. वाड्यावस्त्यांवरच्या मराठी शाळांचा पट मात्र घटत गेला. २० पेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव शिक्षण विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये मागवला, तेव्हा राज्यभरात अशा १४ हजारांहून अधिक शाळा असल्याचे समोर आले. डोंगराळ तालुक्यांना ही टांगती तलवार अधिक जाणवते. पालकाला शाळा बदलावी लागते ती अनेकदा हौसेने नव्हे, नाइलाजाने. नाइलाजाने निवडलेल्या शाळेत आपले हक्क काय, हे त्याला आधी कळायला हवे.

नावात ‘कॉन्व्हेंट’ असले की शाळा कॅथलिक असते का?

नाही. कॉन्व्हेंट म्हणजे मुळात सिस्टरांचा, म्हणजे जोगिणींचा मठ. त्यांनी चालवलेल्या शाळांना लोक कॉन्व्हेंट म्हणू लागले. पुढे हा शब्द इतका सैल झाला की विदर्भात इंग्रजी बालवाडीलाही सर्रास कॉन्व्हेंट म्हणतात. नावात ‘सेंट’ असलेल्या कित्येक शाळांचा चर्चशी काडीचा संबंध नसतो, त्या खासगी ट्रस्ट चालवतात. ख्रिस्ती शाळा म्हटली तरी ती कॅथलिक असेलच असे नाही, प्रोटेस्टंट पंथांच्या शाळा वेगळ्या.

म्हणून पहिली चौकशी फलकाची नव्हे, संस्थेची करावी. शाळा कोणती नोंदणीकृत संस्था चालवते? ती धर्मप्रांताची आहे, एखाद्या धर्मसंघाची आहे, की खासगी? तिला अल्पसंख्याक दर्जा आहे का? शाळेला मान्यता आहे का आणि अनुदान मिळते का? ही माहिती शाळेच्या कार्यालयात किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात मागता येते.

कॅथलिक प्राथमिक शाळेचा दिवस कसा असतो?

बाहेरून वाटते तितका तो वेगळा नसतो. घंटा, रांगा, परिपाठ. परिपाठात प्रार्थना, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, कोणाचा वाढदिवस असेल तर टाळ्या. राज्याच्या सूचनेनुसार संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन शाळांत जानेवारी २०२० पासून सक्तीचे झाले आणि २०२३ पासून राज्यगीतही आले. पुढे गणित, भाषा, परिसर अभ्यास, डबा, खेळ, गृहपाठ. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक आहे, ख्रिस्ती संस्थांच्या शाळाही त्याला अपवाद नाहीत.

वेगळेपण दिसते ते खुणांत. वर्गाच्या भिंतीवर क्रूस, आवारात मरियामातेची मूर्ती, कुठे छोटासा ग्रोटो. प्रार्थनेच्या आधी आणि नंतर कॅथलिक मुले क्रूसाची खूण करतात. ज्या संताचे नाव शाळेला आहे त्याचा सण साजरा होतो. डिसेंबरात नाताळचा गोठा सजतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. त्या काळात खाऊच्या पैशातले काही पैसे गरजूंसाठीच्या डब्यात टाकायला मुलांना सांगण्याची प्रथा अनेक शाळांत आहे. चतुर्थीपासून व्रत धरणाऱ्या किंवा रमजानचे रोजे पाहणाऱ्या घरातल्या मुलाला ही कल्पना परकी वाटत नाही. स्वतःचे थोडे कमी करून दुसऱ्याला द्यावे, हे त्याने घरीही ऐकलेले असते.

साधा हिशेबही लक्षात घ्यावा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सव्वाअकरा कोटी लोकसंख्येत ख्रिस्ती समाज एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे साधारण पावणेअकरा लाख होता. तोही मुख्यतः मुंबई आणि वसईच्या पट्ट्यात एकवटलेला. त्यामुळे कोकणाच्या आतल्या तालुक्यातली कॅथलिक शाळा ही व्यवहारात इतर धर्मांच्या मुलांनी भरलेली शाळाच असणार. तिचे रोजचे जगणे सण, सुट्ट्या आणि डबे यांबाबत तडजोडीनेच चालते. गणपतीत शाळा उघडी ठेवून कोकणात वर्ग भरत नाही, हे फादरलाही पहिल्याच वर्षी समजते.

धर्मशिक्षण आणि मूल्यशिक्षण यांत फरक काय?

पालकांचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. कॅथलिक मुलांना त्यांच्या श्रद्धेचे धडे, संस्कारांची तयारी, चर्चची शिकवण दिली जाते, ते धर्मशिक्षण. ते कॅथलिक मुलांपुरते असते आणि अनेक ठिकाणी रविवारी चर्चमध्ये होते. शाळेत त्यासाठी तास असेल तर त्याच वेळी इतर मुलांना मूल्यशिक्षणाचा तास असतो. त्यात खरे बोलणे, माफी मागणे, वस्तू वाटून घेणे, आजाऱ्याची विचारपूस, प्राण्यांवर दया असे विषय गोष्टींतून येतात.

आता त्या गोष्टींत बायबलमधली गोष्ट आली तर? शोमरोनी माणसाने वाटेत जखमी पडलेल्या परक्याची सेवा केली, ही गोष्ट सांगितल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही, जसे एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतले पाणी पाजल्याची गोष्ट ऐकून कोणी वारकरी होत नाही. धर्मांविषयी शिकवणे आणि धर्म शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात अभ्यासक्रमातून धर्मांची ओळख आणि मूल्ये शिकवण्याला हरकत घेतली नाही. हरकतीचा मुद्दा कुठे सुरू होतो? जिथे मुलाला एखादी गोष्ट खरी मानायला, नतमस्तक व्हायला किंवा उपासनेत भाग घ्यायला लावले जाते, तिथे.

मग संविधान पालकाला काय देते?

अनुच्छेद २८ चे तिसरे कलम प्रत्येक पालकाने फोनमध्ये साठवून ठेवावे असे आहे. त्याचा साधा अर्थ असा : राज्याची मान्यता असलेल्या किंवा राज्याच्या निधीतून मदत मिळणाऱ्या शिक्षणसंस्थेत जाणाऱ्या कोणालाही तिथल्या धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायची सक्ती करता येत नाही. त्याची स्वतःची संमती हवी आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाची.

यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. शाळा अनुदान घेत नसली, पण तिला सरकारची मान्यता असली, तरी हे कलम लागू होते. ‘आम्ही विनाअनुदानित आहोत, आमचे नियम आमचे’ हे उत्तर इथे चालत नाही.

अनुच्छेद ३० धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो. म्हणजे कॅथलिक शाळेने क्रूस लावणे, नाताळ साजरा करणे, आपल्या मुलांना धर्मशिक्षण देणे यात गैर काही नाही. अनुच्छेद २८ आणि ३० एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते. शाळेला आपली श्रद्धा लपवावी लागत नाही आणि लादताही येत नाही. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेला मात्र त्याच अनुच्छेदाच्या पहिल्या कलमाने धार्मिक शिक्षण देण्याचीच मनाई आहे.

न्यायालयांनी याच दिशेने निकाल दिले आहेत. केरळमधली यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे ते गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात त्यांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात नाशिकच्या एका शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला म्हणून त्याची वाढीव वेतनश्रेणी अडवली गेली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि आधार घेतला तो याच अनुच्छेद २८ चा. गप्प उभे राहणे हा अनादर नाही, हे दोन्ही निकालांचे सार.

धर्मांतराची भीती कुठून आली?

ही भीती हवेतून आलेली नाही, तिला महाराष्ट्रात जुना इतिहास आहे. १८४३ मध्ये मुंबईतल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेशी संबंधित नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि अज्ञान असलेल्या श्रीपतला वडिलांच्या ताब्यात देण्यात आले. पुढे त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावरून मोठे वादळ उठले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याची बाजू लावून धरली आणि सनातन्यांचा रोष पत्करला.

या प्रकरणातून दोन गोष्टी दिसतात. लहान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती निर्णायक, हा विचार तेव्हाही होता. तोच पुढे संविधानात आला. दुसरी गोष्ट अवघड आहे. मुलाला परत यायचे असताना दार बंद करणारे मिशनरी नव्हते, आपलेच लोक होते.

त्याच काळात स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या शाळेत जोतीराव फुले शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. तिथून बाहेर पडलेल्या या विद्यार्थ्याने १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. मिशनच्या शाळेत जाणे म्हणजे धर्म बदलणे, हे समीकरण तेव्हाही खोटे ठरले होते. या शाळा प्रोटेस्टंट होत्या, पण कॅथलिक शाळांकडे आजही याच जुन्या भीतीच्या चष्म्यातून पाहिले जाते.

खुद्द चर्चची भूमिका काय आहे?

१९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणाविषयी आणि धर्मस्वातंत्र्याविषयी दोन घोषणापत्रे काढली. पहिल्यात मुलांच्या शिक्षणाची मुख्य जबाबदारी आईवडिलांची मानली आहे. दुसऱ्यात कोणावरही श्रद्धेची सक्ती करता येत नाही असे म्हटले आहे.

भारतात हा विषय ताजा झाला तो २०२४ मध्ये. फेब्रुवारीत आसाममध्ये काही संघटनांनी ख्रिस्ती शाळांतल्या मूर्ती, क्रूस आणि फादर-सिस्टरांचे धार्मिक पोशाख हटवण्याची मागणी केली. त्यानंतर एप्रिलमध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. देशभरातल्या सुमारे १४ हजार शाळा या परिषदेच्या कक्षेत येतात. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, परिपाठात रोज उद्देशिका वाचा, ती शाळेच्या दर्शनी भागात लावा, शाळेत सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी वेगळी खोली ठेवा, स्वातंत्र्यसैनिक, शास्त्रज्ञ, कवी यांची चित्रे लावा, असे त्यात सांगितले होते.

या सूचनांकडे दोन प्रकारे पाहता येते. दबावाखाली घेतलेली सावध भूमिका म्हणून किंवा उशिरा का होईना, स्वतःला घातलेली शिस्त म्हणून. दोन्हींत थोडे थोडे तथ्य आहे. पालकाच्या दृष्टीने मात्र त्यांचा उपयोग एकच. ‘ख्रिस्ती परंपरा लादू नये असे तुमच्याच बिशपांनी लिहून दिले आहे, ते इथे पाळले जाते का?’ असे तो आता शाळेला विचारू शकतो.

प्रार्थनेचा प्रश्न फक्त ख्रिस्ती शाळांचा आहे का?

मुळीच नाही. कॅथलिक शाळेतला क्रूस अनेकांच्या डोळ्यांवर येतो, पण सरकारी शाळेतली सरस्वतीपूजा, वर्गातला गणपती, हात जोडून म्हणायच्या प्रार्थना यांकडे ‘ही तर आपली संस्कृती’ म्हणून पाहिले जाते. बौद्ध, मुस्लिम किंवा नास्तिक घरातल्या मुलाच्या जागी उभे राहिले की हा फरक इतका सरळ राहत नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत आणि हिंदी प्रार्थनांच्या सक्तीला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवण्याचे ठरवले, ते याच मुद्द्यावर.

महाराष्ट्राकडे एक वेगळे उदाहरण आहे. कोणत्याही देवाचे नाव न घेता प्रेम हाच धर्म मानणारी साने गुरुजींची प्रार्थना राज्यातल्या असंख्य शाळांत म्हटली जाते. गुरुजींचे राष्ट्रीय स्मारकही रायगडातच, माणगावजवळ वडघरला आहे. सगळ्यांनी एकत्र म्हणायची प्रार्थना कशी असावी, याचे उत्तर शोधायला या जिल्ह्याला फार लांब जावे लागत नाही.

महाडचा इतिहास इथे काय शिकवतो?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या कराव्यात, असे त्यात होते. पाणवठ्यांसोबत त्याच ठरावात सार्वजनिक शाळाही होत्या, हे सहसा सांगितले जात नाही. पाणी आणि पाटी यांचा प्रश्न तेव्हाही एकच होता. महाड सत्याग्रहाच्या संघटकांपैकी एक, महाड परिसरातलेच रामचंद्र बाबाजी मोरे यांना लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही जातीमुळे महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला होता. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिल्यावर ते दार उघडले.

पुढे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. ठराव झाला, पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि न्यायालयीन लढाई संपायला १९३७ साल उजाडले.

तेच डॉ. आंबेडकर ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत शाळांमधल्या धार्मिक शिक्षणाच्या मसुद्यावर, म्हणजे आजच्या अनुच्छेद २८ वर, सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत होते. म्हणून या अनुच्छेदाचे महाडशी नाते आहे. कागदावरचा हक्क कोणीतरी वापरल्याशिवाय हक्क होत नाही, हे या गावाला वेगळे सांगायला नको. अनुच्छेद २८ चेही तसेच, बिशपांच्या सूचनांचेही तसेच. ‘माझा मुलगा प्रार्थनेला उभा राहील, पण म्हणणार नाही’ असे एखाद्या पालकाने नम्रपणे लिहून दिले आणि शाळेने ते सहज स्वीकारले, तर ते मूल्यशिक्षणाच्या दहा तासांपेक्षा मोठे शिक्षण ठरेल. त्या वर्गातली सगळी मुले ते पाहत असतील.

अल्पसंख्याक दर्जामुळे पालकाच्या खिशावर काय परिणाम होतो?

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी असतात. पण ६ मे २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नसल्याचे ठरवले. त्यामुळे अशा शाळेत २५ टक्क्यांच्या सोडतीतून प्रवेश मिळत नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमती निकालाबद्दल शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले.

इथे चर्चच्या संस्थांनी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. गरिबांची सेवा हे ज्यांच्या श्रद्धेचे मूळ, त्यांच्या शाळेत गरिबाच्या मुलाला जागा कायद्याने द्यावी लागत नाही म्हणून दिली नाही, तर भिंतीवरच्या क्रूसाचा अर्थ काय उरतो? मोलमजुरी करणाऱ्याचे, वाडीवरच्या कातकऱ्याचे मूल किती बाकांवर दिसते, हा श्रद्धेचाच प्रश्न आहे, फक्त फीचा नाही.

शाळांनी काय बदलायला हवे?

धार्मिक सक्तीपेक्षा छोट्या गोष्टींनी मुले जास्त दुखावतात. मधल्या सुट्टीत मराठीत बोलले म्हणून दंड किंवा गळ्यात पाटी ही कसली शिस्त? ज्या भाषेत आई हाक मारते ती भाषा चुकीची आहे, एवढाच धडा मूल त्यातून घेते. राखी, मेंदी, कुंकू, ताईत, डोक्यावरची टोपी यांवरून देशात अनेक शाळांत वाद झाले आहेत. गणवेशाचे नियम असावेत, पण सणाच्या दुसऱ्या दिवशी हातावर मेंदी दिसली म्हणून वर्गाबाहेर उभे करणे हे कोणत्याच धर्माच्या शिकवणीत बसत नाही. फी थकलेल्या मुलाचे नाव वर्गात वाचून दाखवणे हाही अपमानच आहे.

कॅथलिक प्रार्थना म्हणणाऱ्या शाळेनेही पालकांना ते प्रवेशाच्या वेळीच सांगावे. परिपाठात काय म्हटले जाते, मूल्यशिक्षणाला कोणते पुस्तक आहे, मिस्सा किंवा चर्चमधले कार्यक्रम कोणासाठी असतात, हे माहितीपत्रकात मराठीत छापावे आणि खाली संमतीचा रकाना ठेवावा. उघडपणे सांगितलेल्या गोष्टीवर संशय धरायला जागा कमी राहते.

पालकांनी प्रवेशाआधी कोणते प्रश्न विचारावेत?

परिपाठातली प्रार्थना कोणती आणि ती न म्हणणाऱ्या मुलाने काय करायचे? मूल्यशिक्षणाचे पुस्तक पाहायला मिळेल का? चर्चमधल्या कार्यक्रमाला इतर धर्मांच्या मुलांना नेताना लेखी संमती घेता का? मधल्या सुट्टीत मुले मराठीत बोलू शकतात का? ईद, बुद्धपौर्णिमा, गणपती, नाताळ यांतले कोणते सण वर्गात समजावून सांगितले जातात? फी थकली तर कोणाशी बोलता, मुलाशी की पालकाशी? पालक-शिक्षक संघ आहे का आणि त्याची बैठक शेवटची कधी झाली?

हे प्रश्न भांडणाच्या सुरात विचारायची गरज नाही. चांगल्या शाळेला ते आवडतात. उत्तर देताना मुख्याध्यापिका अडखळल्या किंवा ‘इथे असेच चालते, पटत नसेल तर दुसरी शाळा बघा’ असे म्हणाल्या, तर शाळेबद्दल जे कळायला हवे ते कळले असे समजावे. मग ती शाळा कोणाचीही असो.

घरचा देव टिकवण्याचे काम शाळेवर सोपवता येत नाही, ते घराचेच आहे. सोमवारी वीरेश्वराला जाणाऱ्या, शुक्रवारी मशिदीत जाणाऱ्या किंवा बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरातले मूल शाळेत क्रूस पाहून आपले घर विसरत नाही. मूल विसरते ते घरात त्याच्याशी बोलायला कोणाला वेळ नसतो तेव्हा. शाळेकडून मागायची गोष्ट वेगळी आहे आणि ती अवघडही आहे. आपल्यापेक्षा वेगळी प्रार्थना म्हणणारा किंवा कोणतीच न म्हणणारा मुलगा त्याच बाकावर, त्याच डब्यातले खाताना आपल्या मुलाला खुपू नये. ज्या शाळेत हे जमते तिथे मुलाला निर्धास्तपणे घालावे.